एटीव्हीने ट्रेलर ओढताना: तीन गाड्यांच्या चाचणीच्या नोंदी

काम सांगतो म्हणजे पुढच्या नोंदींना अर्थ येईल. दोन चाकांच्या ट्रेलरमधून पाणी, खडी आणि लाकूड न्यायचं. वाट कच्ची, मध्ये एक लांब चढ, आणि परतताना तोच उतार, तोही बऱ्याचदा भरल्या ट्रेलरने. या कामाला एक एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी चार चाकांची, हँडलची गाडी, कायमची ठेवायची आहे. त्यासाठी तीन वापरलेल्या गाड्या काही आठवड्यांसाठी मिळाल्या आहेत. वापरलेल्या गाडीची अवस्था आधीच्या मालकावर असते, त्यामुळे इथे कंपनीची नावं न लिहिता रचनेवरून ओळख ठेवली आहे. "धाकटी" म्हणजे पाचशे-सहाशे सीसीच्या गटातली, बेल्टवर चालणारी (इंजिनाचा जोर पुलींवरच्या रबरी पट्ट्याने पुढे नेणारी), चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली. "थोरली" तशीच, पण मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची. "गिअरवाली"त बेल्ट नाही, दातेरी गिअर आहेत आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे.

३ नोव्हेंबर

गाड्यांना हात लावण्याआधी बाजारातल्या मॉडेलांचे छापील आकडे एका कागदावर मांडले. यामाहा कोडियाक ४५० चं इंजिन ४२१ सीसी, ग्रिझली ७०० चं ६८६ सीसी. दोन्हींची ओढायची क्षमता मात्र एकच, १३२२ पाउंड, म्हणजे बरोबर ६०० किलो. कॅन-अ‍ॅमच्या नव्या आउटलँडर ५०० आणि ७०० मध्ये ४० आणि ५० हॉर्सपॉवर असा फरक आहे, तरी दोन्हींना ८३० किलो. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० ची ताकद ४४ हॉर्सपॉवर आणि ८५० ची ७८. ताकद पाऊणपट वाढली, ओढायचा आकडा ६१२ वरून जेमतेम ६८० किलोवर गेला.

म्हणजे हा आकडा इंजिनाचा नाहीच. तो चासी, हिच (गाडीमागची ट्रेलर जोडायची जागा), ब्रेक आणि टायर मिळून किती भार सुखरूप सांभाळतील याचा आहे. "जास्त सीसीची घ्या, जास्त ओढेल" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो या तक्त्यापुढे टिकत नाही. शिवाय हा आकडा सपाट जमिनीचा असतो. काही पुस्तिकांत चढासाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असतो, आणि भरला ट्रेलर असताना ताशी १६ किलोमीटरच्या वर जाऊ नका असंही लिहिलेलं असतं. पुस्तिकेचं ते पान कोणी उघडत नाही.

६ नोव्हेंबर

दिवस हिच आणि बॉलमध्ये, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हिचवरच्या गोळ्यात गेला, आणि जायलाच हवा होता.

ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या दांडीच्या तोंडावर, ५० मिलिमीटरचा शिक्का आहे. थोरलीवर लावलेला बॉल पाहिला तर पावणेदोन इंचापेक्षा जरा मोठा वाटला. कॅलिपर लावला: ४७.६ मिलिमीटर, म्हणजे १⅞ इंची. कपलर त्यावर व्यवस्थित बसतो, खटका खाली येतो, पिनही जाते. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. मग खटका बंद ठेवून ट्रेलरची दांडी जॅकने वर उचलली. असं करताना गाडीचा मागचा भाग दांडीबरोबर उठला पाहिजे. इथे कपलरचा खालचा जबडा बॉलच्या कडेवरून सरकला आणि दांडी एकटीच वर आली. वाटेत एक खड्डा पुरला असता. जॅकची ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ट्रेलर बदला, गाडी बदला किंवा बॉल बदला, प्रत्येक वेळी करावी.

बॉल बदलला. सुरक्षा साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घेतल्या, म्हणजे दांडी सुटलीच तर जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलली जाईल. हिचच्या पिनला नुसती वाकवलेली तार होती, ती काढून क्लिप लावली.

९ नोव्हेंबर

भार म्हणून आधी दोनशे लिटरच्या पिंपात पाणी घेतलं होतं. पिंप काठोकाठ भरलेलं नसेल तर पाणी आत डुचमळतं आणि प्रत्येक गचक्याला ट्रेलर गाडीला मागून ढकलतो किंवा खेचतो. त्या सगळ्या मोजण्या बाद केल्या. आता वीस लिटरचे कॅन तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून, पट्ट्याने आवळून ठेवतो. भार वीस-वीस किलोने कमी-जास्त करता येतो आणि हलत नाही.

ट्रेलरसकट एकूण वजन ५०० किलो ठेवलं. दांडीचं हिचवर येणारं वजन त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हवं, म्हणजे ५० किलो. दांडी हिचच्या उंचीवर धरून, खाली लाकडाचा ठोकळा आणि माणसं तोलायचा काटा ठेवला की ते लगेच कळतं. पहिल्या मांडणीत तीसच भरले. हिचपासून ट्रेलरचा अ‍ॅक्सल १८० सेंटिमीटरवर आहे. सहा कॅन, म्हणजे १२० किलो, ३० सेंटिमीटर पुढे सरकवले तर दांडीवर २० किलो वाढायला हवेत. सरकवले, वाढले. हिशेब जुळला की बरं वाटतं.

दांडीचं वजन मागच्या कॅरिअरवरच्या सामानातही धरायचं असतं, हे गाडीवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. ट्रेलर जोडून कॅरिअरवर पुन्हा चेन-सॉ, डिझेलचा कॅन आणि दोरखंड लादायचे, ही सवय सोडायला हवी.

११ नोव्हेंबर

गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये क्रेनचा लटकता डिजिटल काटा साखळीने अडकवून सपाट, कडक वाटेवर ओढ मोजली. ५०० किलोच्या ट्रेलरला अगदी हळू वेगात १५ किलोच्या आसपासच ओढ लागते. म्हणजे सपाटीवर हे काम कुठलीही एटीव्ही करेल. तुलना करण्यासारखं तिथे काही नाही.

पण साखळी सैल ठेवून गाडी सोडली की काटा क्षणभर शंभराच्या पुढे जातो. तिन्ही गाड्यांत हे होतं, फक्त गिअरवाली जरा जास्त हिसका देते. हिच, पिन आणि वेल्डिंग तुटतात ते या हिसक्यांनी. आधी हळूच पुढे घेऊन साखळी ताणायची, मग थ्रॉटल.

१४ नोव्हेंबर

चढ. लेव्हल आणि टेपने मोजला: आठ मीटरला एक मीटर.

आधी कागदावर. ट्रेलर ५०० किलो, गाडी आणि चालक मिळून ४१० धरू. चढाचा वाटा वजनाच्या आठवा हिस्सा, कोरड्या कच्च्या वाटेचा घर्षणाचा वाटा सुमारे तीन टक्के. सगळं मिळून ९१० किलोला साधारण १४० किलोचा जोर लागतो. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर त्यासाठी चाकांवर लागणारी ताकद भरते पाच हॉर्सपॉवरच्या आसपास. पाच! ४४ आणि ७८ मधून निवडायला लोक महिनोन् महिने घालवतात आणि कामाला लागतात पाच. १६ च्या वेगाने गेलो तरी आठ-साडेआठ.

प्रत्यक्षातही तसंच झालं. तिन्ही गाड्या लो गिअरमध्ये, फोर-व्हीलवर, विनातक्रार चढल्या. थोरलीचं इंजिन अर्ध्या थ्रॉटललाही आलं नाही. फक्त मागची चाकं चालू ठेवून पाहिलं तेव्हा धाकटीचं एक चाक मधल्या सुट्या खडीवर फिरायला लागलं, गिअरवालीने मात्र तीच जागा ओलांडली. तिच्या अखंड अ‍ॅक्सलमुळे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, एकाला मोकळं सुटायची सोय नाही.

मग मुद्दाम धाकटी हाय गिअरमध्ये घेतली, कारण चढावर बरेच जण तसंच चालवतात. वर पोचली खरी, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर रबर जळल्याचा वास आला. थांबलो.

१५ नोव्हेंबर

धाकटीचं बेल्टचं झाकण उघडलं. आत काळी भुकटी, हाताला पावडरसारखी लागणारी. बेल्टच्या कडा चकचकीत झालेल्या, आणि एका जागी बोटभर लांबीत पट्टा बाजूच्या भागापेक्षा अरुंद. ती जागा चढावर गाडी जवळजवळ उभी असताना पुली फिरत राहिली आणि बेल्ट तिथेच घासला गेला, त्याची खूण. अशा बेल्टवर गाडी सुरू होताना प्रत्येक फेरीला ठक्-ठक् जाणवते, आणि ती जाणवलीही.

लो गिअरने काय बदलतं ते इथे कळतं. बेल्टच्या पुढे, चाकांकडे जाताना, जास्त घटवणारे गिअर येतात. त्यामुळे तेवढ्याच चालीला इंजिन आणि पुली जोरात फिरतात, क्लच पूर्ण धरतो, बेल्टवरचा ताण उतरतो आणि आतला पंखा हवाही जास्त फेकतो. पोलारिसची पुस्तिका ताशी ११ किलोमीटरच्या खाली किंवा जड ओढताना लो वापरायला सांगते. बेल्टवाल्या कुठल्याही गाडीला हाच नियम लावावा.

खर्च: नवा बेल्ट. ६ तारखेला घेतलेला बॉल, पिन, क्लिप आणि साखळ्या सगळं मिळूनही त्यापेक्षा कमी पडलं होतं. वेळही गेला: पुलीचे दोन्ही चेहरे बारीक सँडपेपर आणि स्पिरिटने पुसून, हवेच्या वाटा झटकून, नवा बेल्ट बाणाची दिशा पाहून बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. नव्या बेल्टला लगेच जड भार लावत नाहीत, म्हणून धाकटी काही दिवस रिकामीच फिरेल.

२१ नोव्हेंबर

पाऊस पडून गेला. चढाचा खालचा भाग चिखल. तोच ५०० किलोचा भार.

थोरलीने मधोमध चारही चाकं फिरवली आणि तिथेच खोदत बसली. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) लावूनही तेच. गिअरवाली तिच्या थोडी पुढे जाऊन अडकली. ७८ हॉर्सपॉवर काय आणि ४४ काय, इथे दोन्ही निरुपयोगी. हिशेब उघड आहे: चिखलात घर्षणाचा वाटा तीन टक्क्यांवरून पंधराच्या घरात जातो, मग लागणारा जोर १४० वरून अडीचशे किलोवर. आणि चिखलात टायरची पकड चाकांवरच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी. गाडी, चालक आणि दांडीचं वजन मिळून ४६० किलो, म्हणजे हाताशी जोर जास्तीत जास्त सव्वादोनशे. पुरणारच नाही.

भार ३०० किलोवर आणला तेव्हा दोन्ही गाड्या सावकाश, न थांबता चढल्या. थोडं घेऊन दोन फेऱ्या करणं हे एका फेरीत अडकून विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावण्यापेक्षा लवकर होतं. विंच लावलाच तर दोर गाडीच्या पुढच्या हुकातून सरळ रेषेत, आणि दोरावर एखादं जाड पोतं टाकून. तुटला तर दोर कमी उसळतो. कॅरिअरला किंवा अ‍ॅक्सलला दोर बांधून कोणी ओढू नये. विशेषतः कॅरिअर: उंच जागेवरून ओढलं की गाडी मागच्या चाकांवर उठते आणि चालकाच्या अंगावर येते.

२३ नोव्हेंबर

वाट वाळली. आज उतार, भरल्या ट्रेलरने. सगळ्या चाचणीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, आणि विक्रीच्या पत्रकांत याच्याबद्दल एक ओळ नसते.

आठाला एक उतारावर ५०० किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर, घर्षण वजा जाता, गाडीला मागून सतत ४५-५० किलोने ढकलतो. गाडी स्वतः तीन-सव्वातीनशे किलोची, म्हणजे ढकलणारा ओढणाऱ्यापेक्षा जड. सरळ रेषेत हे सांभाळता येतं. वळणावर तो जोर तिरका लागतो आणि गाडीचं शेपूट बाहेर फेकायला बघतो.

थोरली जुन्या बनावटीची आहे आणि तिच्या बेल्टला इंजिन-ब्रेकिंगची, म्हणजे इंजिनाच्या अडसराने वेग रोखायची, वेगळी सोय नाही. थ्रॉटल सोडला, इंजिनाचे फेरे उतरले, की पुली सैल पडते आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी सुटते. भरल्या ट्रेलरने हा अनुभव अंगावर येणारा आहे. थोडा थ्रॉटल देऊन बेल्ट पुन्हा पकडायला लावायचा हा उपाय आहे, पण उतारावर वेग वाढत असताना हात थ्रॉटलकडे जात नाही, ब्रेककडेच जातो.

धाकटीत ती सोय आहे, एकमार्गी क्लचची. चाकं इंजिनाला उलट फिरवू लागली की हा क्लच धरतो आणि बेल्ट सुटत नाही. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये हीच कल्पना आहे, बेल्ट कायम ताणलेलाच ठेवायची. धाकटी लो गिअरमध्ये माणसाच्या चालीने उतरली, ब्रेकला जवळपास हात लागला नाही.

गिअरवाली याहून पक्की. पहिल्या गिअरमध्ये टाकली की इंजिन आणि चाक यांच्यात सुटणारं काही उरतच नाही. एकच काळजी: मागे अखंड अ‍ॅक्सल असल्याने मागची चाकं घसरली तर दोन्ही एकदम घसरतात. फोर-व्हील लावून उतरलं की इंजिनाचा अडसर पुढच्या चाकांवरही वाटला जातो आणि हे टळतं. मात्र काही फोर-व्हील रचनांत पुढची चाकं फक्त मागची घसरल्यावरच जोडली जातात. उतारावर अशा गाडीची पुढची चाकं इंजिनाला अडत नाहीत, त्यासाठी वेगळं बटण असावं लागतं. गाडी घेताना हे विचारून घ्यावं. विक्रेत्याला ठाऊक नसेल तर पुस्तिका मागावी.

गिअर उताराच्या तोंडाशी, वर थांबून निवडायचा. मध्यावर बदलायला गेलं की तेवढा वेळ गाडी मोकळी असते.

२९ नोव्हेंबर

टायर. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फारच कमी असते, ५ ते ७ पीएसआय. मोटारीचा मीटर तिथे नीट वाचतच नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर लागतो. थोरलीच्या मागच्या दोन टायरमध्ये १ पीएसआयचा फरक निघाला, आणि ती भाराखाली एका बाजूला ओढत का होती ते समजलं.

धाकटीला २५ इंची टायर आहेत. २७ घालून उंची वाढवायची सूचना आली. नको. टायर आठ टक्के मोठा झाला की तोच जोर चाकाच्या कडेवर सात-साडेसात टक्क्यांनी कमी पोचतो, आणि कमी पडणारं सगळं बेल्टच्या अंगावर जातं.

दांडीचं वजन पडलं की धाकटी मागे बसते, हँडल हलकं होतं. हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या ४५ सेंटिमीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १२८, म्हणजे हिचवरचे ५० किलो पुढच्या चाकांवरून सुमारे १८ किलो उचलून घेतात. शॉकअपच्या कड्या वाकड्या पान्याने दोन घर घट्ट केल्या, बसणं निम्म्याने कमी झालं. गिअरवालीला हा त्रास नाही म्हटलं तरी चालेल.

४ डिसेंबर

रिकाम्या गाड्या पळवून पाहिल्या. थोरली मोकळ्या वाटेवर अप्रतिम आहे. थ्रॉटलला उत्तर लगेच, उंचवट्यांवरून सपाट जाते. ज्याला फिरायचं आहे त्याने तीच घ्यावी, तिथे मोठ्या इंजिनाची ताकद खरंच जाणवते. गिअरवाली खडकाळ वाटेवर पाठ मोडते आणि तिच्या अ‍ॅक्सलचा मधला फुगवटा खाली लोंबतो, चाकोरीतल्या दगडांना घासतो. आमच्या वाटेत असे दगड दोन ठिकाणी आहेत. धाकटी मधली.

७ डिसेंबर

थोरली परत केली. धाकटी आणि गिअरवाली यांच्यात बराच वेळ गेला. ओढणं आणि उतरणं यात गिअरवाली सरस, बेल्टची कटकट नाही. पण तिला पार्किंग ब्रेक नीट धरत नाही, केबल आणि लायनिंग दोन्ही बदलायला हवेत, आणि दगडांची ती वाट आधी दुरुस्त करावी लागेल. तरी तीच ठेवतोय. रोजच्या कामात बहुतेक वेळ भरला ट्रेलर मागे असणार आहे आणि चालवणारा दरवेळी अनुभवी असेलच असं नाही. उतारावर आपोआप अडणारी गाडी अशा माणसाच्या हातात द्यायला मन धजावतं.

ट्रेलरसाठी ओव्हररन ब्रेकची दांडी मागवली आहे: ट्रेलर गाडीला ढकलू लागला की दांडी आत दबते आणि त्याचेच ब्रेक लागतात.

१३ डिसेंबर

पार्किंग ब्रेकची केबल आणि लायनिंग बदललं. ३०० किलोच्या ट्रेलरसकट चढावर उभी करून पाहिली, चाकांमागे दगड ठेवून, धरते. ओव्हररनची दांडी बसवली, पण ती जुन्या दांडीपेक्षा लांब आहे, त्यामुळे हिचवरचं वजन पुन्हा मोजावं लागलं. ४२ किलो आलं. दोन कॅन पुढच्या कडेला सरकवून ४८ वर आणलं आणि कॅन ठेवायच्या जागा ट्रेलरच्या तळावर रंगाने आखून घेतल्या.